आधी वायर काढ

तीर्थरूप मामा,

वाकून नमस्कार. (नमस्कार खरा आहे, वाकणं मात्र मनातल्या मनात, सध्या माझी पाठ वाकत नाही. त्याचं कारण पुढे येईलच.) तुमचा गुडघा कसा आहे? मामीची साखर? आणि थंडीत तुमचं ते अर्धं बोट अजून ठणकतं का? इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. "ठीक" हा शब्द लिहून मी जरा थांबलो, पण पाठ सोडली तर तो खरा आहे, म्हणून राहू देतो.

तुमचं पत्र मिळालं. गवत कापायचं मशीन परत न्यायला महिनाअखेरीस येताय, तोवर त्याची साफसफाई, तेलपाणी सगळं करून ठेव, असं तुम्ही लिहिलंत. त्याच संध्याकाळी मामीचा फोन आला. "ते मशीन तुझ्याकडे कशाला धाडलं होतं, आठवतंय ना? त्यांना कळव, मशीन कामातून गेलं. भंगारात घातलं म्हण. साडेनऊ बोटं उरलीत, ती मला शेवटपर्यंत पुरवायची आहेत." मी हो म्हणालो. (मामीला नाही म्हणणारा माणूस आपल्या घराण्यात अजून जन्माला यायचाय, तुम्हीही त्यात आलात.) मग दोन दिवस विचार केला. कामातून गेलं असं लिहावं तर ते खोटं, न लिहावं तर मामीला दिलेला शब्द मोडतो. शेवटी ठरवलं, की जे जे होईल ते जसंच्या तसं कळवावं आणि मशीन कामातून गेलं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवावं. खालचं सगळं माझ्या डायरीतून उतरवलेलं आहे.

मशीन देताना तुम्ही मला एकच नियम सांगितला होता: आधी वायर काढ, मग हात घाल. तुमचं बोट गेलं त्या दिवशीचा प्रकार मी विसरणं शक्य नाही. मशीन बंद होतं, पात्याखाली ओलं गवत अडकलं होतं, तुम्ही ते बोटाने उकरायला गेलात, पातं जरासं फिरलं आणि गरम इंजिनाने एकच ठसका दिला. तुम्ही आजही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगता, "अरे, बंद होतं!" जणू तुमची तक्रार पात्याबद्दल नाहीच, "बंद" या शब्दाबद्दल आहे. तर सोमवारी कॉलेजच्या ग्रंथालयातून लवकर निघून मी घरी आलो आणि सर्वांत आधी इंजिनाला ठिणगी देणाऱ्या प्लगवरची वायर ओढून काढली. नुसती काढून समाधान होईना. ती आपण होऊन परत जाऊन बसली तर? म्हणून सुतळीने हँडलला बांधली, दोन गाठी मारल्या आणि डायरीत लिहिलं: "सोमवार, पाच वाजून दहा मिनिटं. वायर काढली." मग टाकीतलं गेल्या वर्षीचं पेट्रोल झाकणाच्या डब्यात काढलं. त्याला जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास येत होता. हे सगळं अंगणाच्या पार टोकाला, स्वयंपाकघरापासून बावीस पावलांवर. (पावलं माझी.) त्या अंतरात काडीसुद्धा पेटवायची नाही, असं मी घरात जाहीर केलं. त्यावर ही म्हणाली, "गॅसवर चहा ठेवू का, की त्यालाही तुमची सही लागेल?"

मंगळवारी पातं. त्यासाठी मशीन आडवं करायचं. मात्र कोणत्या कुशीवर, हे तुम्ही सांगितलं नव्हतं, आणि एवढ्यासाठी तुम्हाला फोन करावा तर तो मामी उचलणार. मी दोन्ही बाजूंनी फिरून पाहिलं आणि जिकडे हिरवळ जरा मऊ होती तिकडे त्याला हळूच निजवलं. हे मी केवळ दयेपोटी केलं, हे नोंदवून ठेवतो. आधी डायरी उघडून वायर काढल्याची नोंद वाचली, मग लाकडी पट्टीने पात्याखालचं वाळकं गवत खरवडलं (बोट एकदाही आत घातलं नाही), पात्याला कानसही मारली. पाऊण तासाने मशीन उभं केलं, तर एअर फिल्टरमधून तेल ठिबकत होतं. आतला स्पंज तेलाने निथळत होता. तो साबणाच्या पाण्यात धुऊन दोरीवर वाळत घातला. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "माझ्या अभ्र्यांशेजारी हे काय लटकवलंय?" मी खरं ते सांगितलं. खरं सांगितल्याने सगळंच निभावतं असं नाही, हा अनुभव मला याआधीही आला आहे.

बुधवारी नवं पेट्रोल भरलं, तेल मोजायच्या पट्टीवरच्या खुणेपर्यंत नवं तेल घातलं, सुकलेला स्पंज बसवला आणि दोरी ओढली. काही नाही. एक्केचाळीस वेळा ओढली. गुरुवारी सहासष्ट वेळा. शुक्रवारी बाराव्या ओढीला पाठीत काहीतरी कट्‌कन वाजलं आणि मी ज्या कोनात होतो त्याच कोनात घरात आलो. या तीन दिवसांत मी कशाकशावर संशय घेतला! पेट्रोलवर, तेलावर, पेट्रोल देणाऱ्यावर, हवेतल्या दमटपणावर आणि (गुरुवारी, संध्याकाळी) स्वतःच्या चारित्र्यावर. वायरचा संशय मात्र आला नाही. कारण रोज कामाला हात घालण्याआधी मी डायरी उघडून सोमवारची नोंद वाचत होतो, वायर काढलेली आहे याची खात्री करून घेत होतो आणि निश्चिंत मनाने दोरी ओढत होतो.

शनिवारी सकाळी हिनेच मेकॅनिकला बोलावलं. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. त्याने मशीनभोवती एक फेरी मारली आणि सुतळीशी येऊन थांबला.

"ही वायर बांधून कुणी ठेवली?"

"मी."

"कशाला?"

"चालू होऊ नये म्हणून."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग मशीनकडे पाहिलं. "मग होत नाहीये की," तो म्हणाला. "मला कशाला बोलावलं?"

ही दारातून हसली. मोठ्याने हसली. मी ते मनाला लावून घेतलं नाही, पण तसं डायरीत लिहावं लागलं, म्हणजे थोडं लावून घेतलं असणार.

गाठी सोडायला त्याला पाच मिनिटं लागली. (गाठी चांगल्या होत्या, हे त्यानेही मान्य केलं.) वायर बसवून त्याने दोरी ओढली मात्र, आणि मशीनमधून असा पांढराशुभ्र धूर निघाला की कुंपण दिसेना, मेकॅनिक दिसेना, मला माझा हात दिसेना. समोरच्या काकूंनी वाळत घातलेले कपडे उचलले आणि बंब बोलवू का म्हणून विचारलं. धुरातून मेकॅनिकचा आवाज आला, "आडवं करताना कार्बोरेटर खाली गेला ना तुमचा? तो कायम वर ठेवायचा. खाली गेला की तेल नको तिथे शिरतं." मी धुरातच ते लिहून घेतलं. मागून ही म्हणाली, "मामींना आता खुशाल कळवा, गेलं म्हणून."

डायरीचं शनिवारचं पान इथे संपतं. पाठ गेली, धूर झाला, काकू अजून बोलत नाहीत. असं मशीन न्यावं की नाही, ते तुम्ही बघा. पत्र मामीलाही वाचायला द्या, आणि दोघांनी तब्येतीला जपा, एवढंच इथून बसल्या जागेवरून (अक्षरशः) सांगतो.

तुमचा,
भाचा

ता. क. १: हा कागद वेगळा आहे, तो मामीला दाखवू नका. धूर अडीच मिनिटं टिकला. जास्तीचं तेल जळून गेलं आणि तेव्हापासून मशीन पहिल्या ओढीला चालू होतं. तुम्ही दिलं होतं तेव्हापेक्षा आवाज बरा आहे. पत्रात हे आलं नाही, कारण पान संपलं होतं. (पुढचं पान कोरं होतं, हेही खरं.)

ता. क. २: तेव्हा मशीन अवश्य न्या. मात्र त्यात प्लग नाही. तो मी काढून, पुसून, मामीच्या नावाने वेगळ्या पाकिटातून पाठवला आहे. तिला लिहिलंय, की मशीनचा जीव यात आहे, हा तुझ्या डब्यात असेपर्यंत ते नुसतं लोखंड. म्हणजे कामातून गेलं हेही खोटं नाही. माझी खरी विनंती एवढीच: गवत कापायचं असेल तेव्हा प्लग तिच्याकडून मागून घ्यायचा. काम झालं की इंजिन गार होऊ द्यायचं, प्लग काढून तिच्या हातात द्यायचा आणि मगच पात्याखाली हात घालायचा. ती "वायर काढलीत का?" असं तरीही विचारेल. चिडू नका.

ता. क. ३: असा प्लग कुठल्याही दुकानात मिळतो, हे तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. मामीला माहीत नाही. तुम्हीही विसरून जा.