फोकस हाताने केलेला नाही

मी, मार्तंड गजानन कर्णिक, वय वर्षे बहात्तर, विमा कचेरीतून निवृत्त, राहणार मुलुंड पूर्व, मुंबई, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवतो. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. आमच्या डॉक्टर अनुपमा चित्रे यांनी तसा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. दाखला देताना त्या म्हणाल्या, "बुद्धीचं लिहून देते, काका. डोळ्यांचं मात्र विचारू नका." हे लिहायला कोणी माझ्यावर जोर केलेला नाही. पत्नी सौ. उत्तरा "एकदाचं लिहा आणि मोकळे व्हा" असे म्हणाली खरी, पण ती सगळ्याच कामांबद्दल असे म्हणते.

यापूर्वी केलेले मृत्युपत्र या लेखाने रद्द समजावे. त्यात मी अशी इच्छा लिहिली होती की, माझ्या कॅमेऱ्याची जुनी लेन्स काचेच्या पेटीत घालून आमच्या रानडोळा या पक्षी-छायाचित्रकारांच्या मंडळाच्या हॉलमध्ये मांडावी आणि खाली "यंत्र नव्हे, नजर" अशी पाटी लावावी. ते वाक्य परवा पुन्हा वाचले आणि कागद पालथा घातला.

कलम १. राहता फ्लॅट, आतील सर्व वस्तूंसह, उत्तराला मिळावा. तिच्या पश्चात मुलगी अस्मिता हिला. अस्मिताने तो विकला तरी हरकत नाही. फक्त मागच्या बाल्कनीतले पाण्याचे मातीचे भांडे नव्या मालकाला दाखवून द्यावे. उन्हाळ्यात तिथे बुलबुल येतात.

कलम २. बँकेतील ठेवी उत्तरा आणि अस्मिता यांनी निम्म्या-निम्म्या घ्याव्यात. दागिने मुळात उत्तराचेच आहेत. त्यांचे वाटप मी करणे म्हणजे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र.

कलम ३. सोसायटीचे चिटणीस श्री. माणिक सुळे यांनी गाड्यांना जागा हवी म्हणून गेटजवळचा उंबर तोडवला. त्यात तांबटाचे घरटे होते आणि तसे मी त्यांना लेखी कळवले होते. त्यांना माझ्याकडून काही नाही. अंत्यदर्शनाला त्यांनी जरूर यावे, पण माझ्याविषयी चार शब्द बोलू नयेत. हे कलम लिहिताना मला चांगलाच जोर चढला होता. पुढची लिहिताना तो उतरला.

कलम ४. कॅमेरा, तिपाई, हिरवे जाळीदार कापड आणि चिखलात घालायचे गमबूट अस्मिताला. गमबूट तिला होणार नाहीत, तेव्हा त्यात तिने झाडे लावावीत.

कलम ५. माझी चारशे मिलिमीटरची जुनी लेन्स. ही हाताने फोकस करायची आहे आणि लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी घेतली आहे. त्या दिवाळीला उत्तराने साडी घेतली नाही. हे तिने मला आजवर एकदाही बोलून दाखवलेले नाही, बाकी सगळ्यांना सांगितले आहे.

ज्यांना यातले कळत नाही त्यांच्यासाठी लिहितो. या लेन्सवर एक कडे असते. डाव्या हाताने ते फिरवत न्यायचे आणि पक्ष्याच्या डोळ्यातला प्रकाशाचा ठिपका लख्ख दिसला की थांबायचे. पक्षी उडता असेल तर तो कुठे येईल ते ताडून त्या जागेवर आधीच फोकस धरून ठेवायचा आणि वाट बघायची. दहातले नऊ फोटो वाया जातात. आताच्या ऑटोफोकस लेन्सला आत मोटर असते. बोट दाबले की ती स्वतः कडे फिरवते, आणि उडत्या पक्ष्याला माणसापेक्षा चांगले पकडते. हे मला पहिल्यापासून माहीत होते. तरीही तीस वर्षे मी मंडळात उलटेच सांगत आलो. "मोटरने काढला तर तो फोटो तुमचा कसा?" असे मी दर सहलीत विचारायचो आणि नवी माणसे माना डोलवायची. मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनात हाताने फोकस केलेलेच फोटो लावायचे, हा नियम माझा. प्रत्येक फोटोखाली "फोकस हाताने" असे छापलेले कार्ड असते, तीही कल्पना माझीच.

मंडळ आम्ही दोघांनी काढले. मी आणि सहदेव घाडी. सहदेवचे वडील गिरणीत होते, तो स्वतः भांडुपच्या शाळेत चित्रकला शिकवायचा. खाडीवरची पायवाट त्याने मला दाखवली. चिखलात न घसरता कसे चालायचे हेही त्यानेच शिकवले, आणि तरी मी घसरलो की पोट धरून हसायचा. काही वर्षांपूर्वी त्याचे हात थरथरू लागले. त्याने ऑटोफोकस लेन्स घेतली आणि त्या वर्षी मासा तोंडात धरून उठणाऱ्या खंड्याचा फोटो प्रदर्शनासाठी आणला. तसा खंड्या मला जन्मात मिळालेला नाही. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "सहदेव, फोटो छान आहे. पण खाली नाव मोटरचं लाव."

लोक हसले. सहदेवही हसला आणि फोटो पिशवीत घालून घरी घेऊन गेला. त्याचे हात मला तेव्हा दिसत नव्हते असे नाही.

कलम ६. दुसरी लेन्स. ही माझ्या कपाटात, स्वेटरांच्या मागे आहे. ती ऑटोफोकस आहे.

दोन वर्षांपूर्वी माझ्या उजव्या डोळ्याच्या मधोमध डाग आला. डावा आधीपासूनच अधू. कडेने दिसते, नेमके जिथे बघावे तिथे दिसत नाही. पक्ष्याचा डोळा शोधायला गेलो की तिथे राखाडी धब्बा. डॉक्टरांनी सांगितले, हा डाग जाणार नाही. उत्तरा म्हणाली, "मग आता घ्या ना ती मोटरवाली. त्यात काय एवढं?" एवढेच होते खरोखर. चार लोकांत सांगितले असते तर कोणी दगड मारले नसते. उलट सहदेवला हायसे वाटले असते.

मी काय केले? मुलुंड, ठाण्यात ओळखीचे भेटतील म्हणून पार मालाडला जाऊन, अनोळखी माणसाकडून त्याने वापरलेली ऑटोफोकस लेन्स घेतली. घाईत मोटरचा आवाजही ऐकून पाहिला नाही. घरी आल्यावर तिच्यावरच्या अक्षरांवर आणि ऑटोफोकसच्या खटक्यावर वायरमन लावतात ती काळी चिकटपट्टी गुंडाळली. कोणी विचारले तर सांगायचो, थंडीत हाताला पकड यावी म्हणून. मुंबईच्या थंडीत! कोणी हसले नाही, कारण मार्तंड कर्णिक खोटे बोलेल असे कोणाच्या मनातच आले नाही. याची मला सर्वांत जास्त शरम वाटते.

याच लेन्सने गेल्या मार्चमध्ये मी फ्लेमिंगोंच्या उडत्या थव्याचा फोटो काढला. तो यंदाच्या प्रदर्शनात दाराच्या अगदी समोर लागला आहे. खाली कार्ड आहे, "फोकस हाताने". मंडळाच्या चिटणीस शर्मिष्ठा सामंत लोकांना तो दाखवून सांगतात, "बघा, या वयात!" आणि मी शेजारी उभा राहून मान खाली घालतो. त्याला लोक विनय समजतात. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे माझी आई दुसऱ्यांना म्हणायची.

ही लेन्स कोणाला द्यावी हे मला सुचत नाही. उत्तराने हवे ते करावे.

कलम ७. हे कलम लिहिण्यासाठीच बाकीची लिहिली.

मागच्या डिसेंबरात मंडळाची मंडळी खाडीवर गेली होती. लव्हाळ्यात फटाकडी दिसल्याची खबर होती. फटाकडी म्हणजे तांबूस रंगाचा लाजाळू पक्षी. जरा खुट्ट झाले की गवतात नाहीसा. आम्ही जाळीमागे श्वास रोखून बसलो होतो. सहदेव माझ्या डाव्या हाताला. उजाडता उजाडता ती बाहेर आली, चिखलावर दोन पावले टाकून थांबली. मी बोट दाबले.

पुढे गवताच्या काड्या होत्या. अशा जागी ऑटोफोकस गोंधळते, काडी धरू की पक्षी हे तिला कळत नाही आणि ती पुढे-मागे शोधत राहते. अशाच वेळी हात लागतो, हे मीच शंभरदा शिकवले होते. माझी लेन्स घर्र करून पुढे गेली, घर्र करून मागे आली, पुन्हा पुढे. त्या शांततेत मिक्सर लावल्यासारखा आवाज झाला. फटाकडी गेली. सगळ्यांनी माना वळवल्या.

"माझी आहे, माझी," सहदेव म्हणाला. "सॉरी हां. चुकून बोट लागलं."

त्याची लेन्स नवी आहे. तिला आवाजच नाही. हे त्याला माहीत होते आणि मलाही. त्याने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. मला फक्त "नाही, माझी" एवढेच म्हणायचे होते. त्याऐवजी मी सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणालो, "सहदेव, किती वेळा सांगितलं तुला? ही खेळणी इथे आणू नकोस."

त्याने लेन्सला झाकण लावले. थरथरत्या हाताने ते लवकर बसत नव्हते. मग तो उठला आणि एकटाच बांधावरून परत गेला. त्या दिवसापासून तो मंडळात आलेला नाही. मी फोन केला की "बरं आहे रे" म्हणतो आणि ठेवतो. तो विषय मी काढला नाही आणि त्यानेही नाही. मला रात्री तो आवाज ऐकू येतो आणि अंथरुणात कान गरम होतात.

म्हणून माझी जुनी लेन्स, म्हणजे कलम ५ मधील, श्री. सहदेव घाडी यांना द्यावी. तसेच माझ्या शोकसभेत हे सातवे कलम शर्मिष्ठा सामंत यांनी मंडळासमोर मोठ्याने वाचावे आणि फ्लेमिंगोच्या फोटोखालचे कार्ड बदलावे.

(येथे छापील मजकूर संपला. यापुढचे मी हाताने, ठळक अक्षरात लिहीत आहे.)

पुरवणी. आज रविवार. सह्यांसाठी डॉक्टर अनुपमा आणि शेजारचे एक गृहस्थ येणार होते. शेजारी आले नाहीत. सहदेव आला. उत्तराने त्याला परस्पर बोलावले होते. मी विरोध केला की ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. उत्तरा म्हणाली, "आधी वाचू तर दे त्याला."

सहदेवने सगळे वाचले. सुळ्यांच्या कलमाला हसला. सातव्याला हसला नाही. कागद खाली ठेवून म्हणाला, "मार्तंडा, शोकसभा कोणाची?"

"माझी."

"आणि मी तुझ्याआधी गेलो तर? मी दीड वर्षाने मोठा आहे रे तुझ्यापेक्षा. मग हे कोण ऐकणार, माझा फोटो?"

मी कागद माझ्याकडे ओढला.

"तू मेल्यावर सगळे रडत असणार. तेव्हा कोण तुला काय बोलणार? सोप्पं काम शोधलंस." मग त्याने दोन्ही हात माझ्यासमोर धरले. "आणि ही काच माका? मेल्या, हात बघ माझे. या हातांनी मी कडं फिरवू?"

इतका विचार करून लिहिलेल्या देणगीत मी तेवढेही पाहिले नव्हते. डॉक्टर अनुपमा खिडकीबाहेर बघू लागल्या. मी म्हणालो, "चुकलं रे माझं." तो म्हणाला, "मला माहीत आहे. मला सांगून काय करतोस?"

मग कागदावरच्या आपल्या नावावर बोट ठेवून म्हणाला, "ज्याला मिळतं त्याने सही करायची नसते ना? मग माझं नाव खोड तिथून. मी साक्षीदार होतो. पण सही इथे नाही करणार, हॉलमध्ये करणार. आज प्रदर्शनाचा शेवटचा दिवस आहे."

त्याप्रमाणे आम्ही चौघे हॉलवर आलो आहोत आणि हे मी तिथल्या टेबलावर लिहीत आहे. सातवे कलम मी स्वतः वाचले, फ्लेमिंगोच्या फोटोसमोर उभे राहून. डोळ्यामुळे अडखळत होतो, तेव्हा उत्तरा पुढचा शब्द सांगत होती. "खेळणी" हा शब्द मात्र मला नीट दिसला आणि तोच तोंडातून बाहेर येईना. वाचून झाल्यावर मागून एकजण "काय राव" म्हणाला आणि बाहेर गेला. तो माझा फार चाहता होता. त्याचे बरोबर आहे. शर्मिष्ठा सामंत यांचे डोळे भरले होते. त्यांनी विचारले, "सर, आता कार्डावर काय लिहू?" मी म्हणालो, "द्या, मी लिहितो."

"फोकस हाताने केलेला नाही" असे लिहिले. खाली माझे नाव घातले. नियमाची पाटी मी काढून टेबलाखाली ठेवली आहे. मंडळाने पुढे काय करायचे ते मंडळाने ठरवावे. मला बरे वाटेल असे वाटले होते, तसे वाटत नाही. लाज होती तेवढीच आहे, फक्त आता ती सगळ्यांना माहीत आहे. "राग गेला का?" असे सहदेवला विचारले. म्हणाला, "इतक्यात नाही. खंड्या घेऊन येतो घरून, तो लाव आधी." खंड्या आला असून दाराशेजारी लावला आहे. प्रदर्शन संपेपर्यंत, म्हणजे दोन तास राहील.

सबब, सातव्या कलमातील सहदेव घाडी यांचे नाव मी खोडले आहे. जुनी लेन्सही अस्मितालाच मिळावी. शोकसभेतील वाचनाची गरज उरली नाही, म्हणून तोही मजकूर रद्द. खाडाखोडीवर माझी लघुसही आहे. हे सर्व मी वाचून, समजून, लोकांदेखत सही करीत आहे.

स्थळ: रानडोळा मंडळाचे प्रदर्शन, मुलुंड, मुंबई
दिनांक: १८ जानेवारी २०२६

सही: मार्तंड गजानन कर्णिक

साक्षीदार:

१. डॉ. अनुपमा चित्रे. मृत्युपत्रकर्त्यांनी माझ्यासमोर सही केली. त्या वेळी ते पूर्ण शुद्धीत होते. रक्तदाब थोडा वाढलेला.

२. सहदेव रामा घाडी, राहणार भांडुप. मार्तंडाने माझ्यादेखत सही केली. खालची माझी सही वेडीवाकडी आली आहे, बँकवालेही हल्ली परत पाठवतात. कोणी शंका काढली तर सांगावे, ती माझी आहे, माझीच.