दवाखान्याच्या उंबऱ्यावर

सिस्टर,

आज पहाटे मागच्या पडवीत बसले होते, तेव्हा समुद्राचा आवाज दोन ठिकाणांहून येतोय असं वाटलं. एक पश्चिमेकडून, नेहमीचा. दुसरा फार लांबून, तुमच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीतून, जिथं तुम्ही चिऱ्याच्या भिंतीकडे तोंड करून बसायचात. धुकं होतं. माडांची खोडं तेवढी दिसत होती, शेंडे नव्हतेच. अशा वेळी मधली वर्षं कुठं जातात कोण जाणे. मी पुन्हा विशीतली होते आणि दाराशी उभी राहून तुमच्या पाठीकडे बघत होते. पांढरा झगा, डोक्यावरचं पांढरं कापड, मांडीवर एकात एक ठेवलेले हात, आणि गळ्यातला लाकडी क्रूस श्वासाबरोबर हलतोय, हलतोय, थांबल्यासारखा वाटतोय.

ऐंशी सालानंतरची ती वर्षं. आमचं गाव मालवणच्या बाजूचं, खाडीच्या तोंडाशी, आणि तुमचा दवाखाना गावाच्या कडेला, पुळणीच्या वाळूला लागून. मी तुमच्याकडे कामाला आले तेव्हा आईनं दोन दिवस तोंड फिरवलं होतं. "बाटवतली गो तुका ती सिस्टर," ती म्हणायची. बाबांनी मात्र जाऊ दिलं. त्यांचा रापणीत वाटा होता. सगळा गाव मिळून किनाऱ्यावरून ओढतो त्या जाळ्यावरच आमचं घर चालायचं, दादा होडीवर जायचा, आणि मी मॅट्रिक होऊन घरात बसले होते. दवाखान्यात मी सुया उकळायचे, पट्ट्या गुंडाळायचे, लुगडं सावरत येणाऱ्या म्हाताऱ्यांना बाकावर बसवायचे. तुम्ही मला बाटवलं नाही. पहिल्या आठवड्यात तुम्ही मला फक्त तांदूळ धुवायला शिकवलंत. पेजेचा तांदूळ, उकडा. "बगत धू," म्हणालात. मला वाटलं खडे बघायला सांगताय. खडे नव्हतेच त्यात.

तुम्ही बांद्याकडच्या. वडील पलटणीत होते, त्यामुळे ताठ चालणं तुमच्या रक्तातलंच. तुमच्या संस्थेनं तुम्हाला तरुणपणी जपानला पाठवलं, तिथल्या इस्पितळात तुम्ही कितीतरी वर्षं काढलीत. तिथं एक पाद्री आपल्या माणसांना बुद्धाच्या मठात न्यायचा, भिंतीसमोर गप्प बसायला. तिथले लोक त्याला झेन म्हणायचे. तुम्ही नुसतं 'बसणं' म्हणायचात. आणि इस्पितळाच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्या एका म्हातारीनं तुम्हाला लांब दांड्याचं शस्त्र चालवायला शिकवलं होतं. तिच्याकडच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या घर राखायला ते चालवायच्या म्हणे. इथं तुमच्याकडे ते शस्त्र कुठलं असायला? तुम्ही माणग्याच्या बांबूची एक लांब काठी तासून घेतली होती. सकाळी आधी बसणं, मग प्रार्थना, मग अंगणात काठी. काठी फिरताना वाऱ्याचा आवाज यायचा आणि तुमचा चेहरा मात्र प्रार्थनेतलाच असायचा.

एकदा मी विचारलं, "सिस्टर, भिंतीत काय दिसता?"

"भिंतच दिसता गो. आनी काय दिसतला?"

मग थोड्या वेळानं, काठीला तेल लावता लावता, तुम्ही आपणहून म्हणालात, "येशू पळाक शकलो आसतो. त्येका धरल्यानी त्या रातीक बागेत तो एकटोच होतो, वाट मोकळी होती. पळाक नाय. मोठो लढवय्यो तोच." मला त्यातलं काही कळलं नव्हतं. मला काठी शिकायची होती. तुम्ही शिकवलीत, पण मारण्याचे हात फार उशिरा. आधी नुसतं उभं राहणं. पाय कसे टेकायचे, भीती वाटली की ती पोटात कुठं बसते ते ओळखायचं, आणि तिला तिथंच बसू द्यायचं.

तुमचा राग मी एकदाच पाहिला. माझ्या हातून काचेची सिरिंज पडून फुटली आणि मी तिथंच उभी राहून रडायला लागले. तुमचा आवाज चढला नाही, पण धार आली. "रडाक मागीर. आदी काच येच. कोणाच्या तरी पायात जातली." मी काच वेचली. सगळी वेचून झाल्यावर बघते तर रडायचं राहूनच गेलेलं. मला तेव्हा तुम्ही फार निष्ठुर वाटलात.

मग ती दुपार. त्या वर्षी बाहेरचे ट्रॉलर किनाऱ्याच्या अगदी जवळ येऊ लागले होते. आमच्या लोकांची जाळी फाटायची, भांडणं व्हायची, दगड फेकले जायचे. त्या दुपारी मी दवाखान्याच्या ओट्यावर कापूस वाळत घालत होते. पुळणीवरून एक माणूस चालत येताना दिसला. भिजलेला, खांद्यापासून दंडापर्यंत फाटलेला, आणि चालणं झोपेतल्यासारखं. आमच्याकडचा नव्हता. ट्रॉलरवरचा खलाशी, झटापटीत पाण्यात पडून पोहत आलेला. तुम्ही त्याला आत घेतलंत, टेबलावर निजवलंत, जखम धुतलीत आणि टाके घालायला लागलात. मी मांसाच्या कडा धरून उभी. अर्धे टाके झाले असतील, तेवढ्यात बाहेर माणसं आली. आधी पावलं, मग आवाज, आणि त्या आवाजांत माझ्या दादाचं नाव.

त्या माणसाचाच ट्रॉलर दादाच्या होडीवर चढला होता. बाकीचे सापडले होते. दादा सापडत नव्हता.

हे मला खिडकीतून ऐकू आलं. माझे हात त्या माणसाच्या खांद्यावर होते. सिस्टर, त्या क्षणाला अजून आवाज नाही. तुमचे ओठ हलताना दिसतात. मग तुमचा आवाज येतो, पाण्याखालून यावा तसा. "माका दारात उबी रवाक व्हया. टाके रवलेत. तू जा म्हणान सांगूचंय नाय, रव म्हणान पण सांगूचंय नाय. पण आदी बस."

मी बसले. तिथंच, टेबलाच्या पायाशी, भिंतीकडे तोंड करून. किती वेळ ते ठाऊक नाही. भिंतीवर ओल आली होती आणि त्या ओलीचा आकार मला आजही काढून दाखवता येईल. उठले तेव्हा तुम्ही काठी घेऊन दाराकडे गेला होतात आणि सुई ताटलीत ठेवलेली होती. मी आजवर फक्त कापडावर टाके घातले होते. तो माणूस माझ्याकडे बघत होता. दादापेक्षा फार मोठा नसेल. त्याची भाषा मला येत नव्हती, पण 'पाणी' एवढं कळलं. मी त्याचं डोकं उचलून त्याला पाणी पाजलं. मग सुई उचलली.

दारातलं मी पाहिलं नाही, ऐकलं. बाबांचा आवाज होता. उभ्या जन्मात मी त्यांना मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं.

"सिस्टर, बाजूक व्हा. तो माणूस आमका व्हयो."

"तो आता तुमचो नाय नि त्यांचो पण नाय. दुखणाईत आसा."

"माझो झील खंय आसा?"

"माका म्हायत नाय," तुम्ही म्हणालात. आवाज कापला. त्या दुपारी तेवढाच एकदा.

मग कोणीतरी वल्हं उगारून पुढं धावलं. लोकांनी नंतर सांगितलं, तुमची काठी त्याच्या मनगटाला नुसती लागली. मी फक्त वल्हं चिऱ्यावर आपटल्याचा आवाज ऐकला. आणि नंतरच्या शांततेत दुसरा, हलका आवाज: तुम्ही काठी खाली ठेवलीत. "मी हंय बसतंय," तुम्ही म्हणालात. "माका ओलांडून जावचा तर जावा." आणि उंबऱ्यावर मांडी घालून बसलात, हात एकात एक ठेवून.

कोणी ओलांडलं नाही. पण कोणी परतही गेलं नाही. मग बाबांनी मला हाक मारली. "बाय, तू आत आसस? भायर ये."

मी सुई थांबवली नाही. "बाबा, येतंय," मी म्हटलं. "ह्येका सुई लागलेली आसा. ही पुरी करतंय नि येतंय."

मी पुढचा टाका ओढला. मग पायरीवर कोणीतरी जड अंगानं बसल्याचा आवाज आला. बाबा होते. ते बसले तसे एकेक करून सगळेच बसले. टाके पुरे करून मी बाहेर आले तेव्हा उन्हं कलली होती आणि अख्खी रापण तुमच्या अंगणात समुद्राकडे तोंड करून गप्प बसली होती. स्वप्न पडलं तर हेच पडतं मला. त्यात कोणी उठत नाही. मी बाबांच्या शेजारी जाऊन बसते, माझ्या हातांना रक्ताचा वास असतो, आणि बाबा तो हात आपल्या मांडीवर ओढून घेतात.

संध्याकाळी पोलिसांची जीप आली आणि त्या माणसाला घेऊन गेली. दादाला भरतीनं दक्षिणेच्या एका पुळणीवर आणून ठेवलं.

तुम्ही आमच्या घरी आलात. घरापुढच्या खळ्यात आईच्या शेजारी बसलात. बाकी सगळे बोलत होते: देवाची इच्छा, नशीब, आयुष्याची दोरी. तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत. रोज यायचात, बसायचात, जायचात. बऱ्याच दिवसांनी आई मला म्हणाली, "त्या बायेन काय सांगल्यान नाय. ह्या बरा केल्यान." त्यानंतर बाटण्याचं नाव तिनं कधी काढलं नाही. तुम्ही निघालात की तुमच्या हातात दोन अंडी नाहीतर शेवग्याच्या शेंगा द्यायची.

पुढं तुम्हीच खटपट करून मला नर्सिंगला पाठवलंत. निघताना सावरीच्या कापसाची एक गोल उशी दिलीत, स्वतः शिवलेली, बसायला. मी तेव्हा धीर करून विचारलं होतं, "सिस्टर, त्या दिवशी दारात कोण बसलेला? मठातली, येशूची, की पलटणवाल्याची चेडू?" तुम्ही इतक्या हसलात की डोळ्यांतून पाणी आलं. "पेज खाताना तू शीत खंयचा नि पाणी खंयचा म्हणान इचारतंस? पी नि गप कामाक लाग."

तुमची बदली झाली, लांबच्या कुठल्या तरी कॉन्व्हेंटात तुम्ही गेलात, आणि तुम्ही वारल्याचं मला सावंतवाडीच्या इस्पितळात ड्यूटीवर असताना, फार उशिरा, तुमच्याच एका सिस्टरनं सांगितलं. मी वॉर्डाचा राउंड पुरा केला आणि मग रडले. जन्मभर नर्सच राहिले. देवळात जाते, नाताळला चर्चच्या मागच्या बाकावर बसते, पहाटे भिंतीसमोर बसते. कोणी विचारलं, हे काय, तर कामाला लागते.

हे पत्र पाठवायचं कुठं? डब्यात जपून ठेवणार नाही, फाडणारही नाही, उद्या वाचून बघेन. पण सिस्टर, नव्या मुलींना मी शिकवते तेव्हा ही गोष्ट सांगते आणि शेवटी म्हणते, त्या खलाशाला मी त्याच दिवशी माफ केलं. मुली माना डोलावतात. तसं झालेलं नाही. अजून नाही. रोज पहाटे भिंतीसमोर बसले की तो येतो, पाणी मागतो, मी पाजते, आणि माफ करायचं उद्यावर टाकते.