ओळंब्यातली डोलकाठी

रामनगर, गुरुवार

प्रिय साडू ओंकारराव यांस,

थोरल्या साडूचा रामराम. (आशीर्वादही देता आला असता, पण गेल्या वर्षीचा कप तुमच्या कपाटात असेपर्यंत तो देणं जड जातं.) नेत्राची कंबर दुखायची थांबली असेल, खानापुरात उकाडा सोसवत असेल आणि तुमची बोट कुठंतरी गळत असेल, अशी आशा आहे. इकडे श्वेता बरी, मी बरा, आणि सासरेबुवा, म्हणजे आपले मामा, आम्हा दोघांपेक्षा बरे. (फोनवर बोललो असतो, पण मामा सतत बाजूलाच बसलेले असतात.)

मामा आमच्या न्हाणीघराची भिंत बांधायला आले. भिंत झाली, मामा राहिले. रिकामा गवंडी घरात असला की काय होतं, याची तुम्हाला कल्पना नाही. यंदा सुपा धरणाच्या पाण्यावरची रिमोटवरच्या छोट्या शिडाच्या बोटींची शर्यत जो जावई जिंकेल त्याला अधिक महिन्याच्या जेवणात पहिला पाट, हे मामांनीच ठरवलंय. मला तो पाट हवा आहे, खोटं कशाला बोलू! म्हणून रोज संध्याकाळी तळ्यावर जाऊन मी माझ्या बोटीची डोलकाठी थोडी थोडी मागं कलवत होतो. (तुम्हाला हे ठाऊक आहे, पण श्वेता खांद्यावरून वाचते आहे म्हणून लिहितो: काठी किंचित मागं झुकलेली असली की बोट नाक वाऱ्याकडे धरते. ताठ उभी केली की नाक फिरवून वाऱ्याबरोबर पळत सुटते.) एकदाची बोट ऐकायला लागली. दुसऱ्या दिवशी सोडली, तर रिमोटला न जुमानता थेट म्हशींत शिरली आणि शीड एकीच्या शिंगात अडकलं. कमरेएवढ्या चिखलात उतरलो. अख्खी गल्ली काठावर उभी राहून सूचना देत होती. पुन्हा काठी कलवली, पुन्हा तेच, म्हैसही तीच. वाऱ्याला शिव्या दिल्या, सुकाणूला दिल्या, तुम्ही मध्यंतरी चहाला येऊन गेलात म्हणून तुम्हालाही दिल्या. मग एका सकाळी ओसरीवर पाहतो तर मामा डोळा बारीक करून, डोलकाठीशेजारी ओळंब्याची वजन बांधलेली दोरी सोडून बसलेले.

“जावयबापू, ह्यो खांब मागं पडतोय की. रोज सरळ करतोय, रोज कलतोय.”

“मामा, तो कललेलाच लागतो.”

“असं कुठं आस्तंय व्हय? वाऱ्यात हुबं ऱ्हायाचं तर सरळच पायजे. लोक म्हणतील, भिकाजी गवंड्याच्या जावयाचं घर, आन् खांब वाकडा!”

माणूस प्रेमानं माझं वाटोळं करत होता. नेत्राला वडिलांची आठवण येत असेलच, म्हणून मामांना थोडे दिवस तुमच्याकडे पाठवतो आहे. घरच्या सगळ्यांना नमस्कार, तुमच्या बोटीला सोडून.

आपला,
किरण

ता. क. मामा आज दुपारच्या बसनं निघाले. ओळंबा पिशवीत आहे. तुमची बोट ओसरीवरच असते ना?

ता. क. २. पत्र त्यांच्याच हाती देणार होतो. श्वेता म्हणाली, मग ओंकारराव आधी बोट माळ्यावर टाकतील. म्हणून पोस्टानं पाठवतो आहे.

ता. क. ३. पाकीट चिकटवण्याआधी बोट बघायला गेलो. निघण्यापूर्वी मामांनी काठी ओळंब्यात उभी करून बुडाशी पांढरं सिमेंट भरलंय, जावयाला पुन्हा त्रास नको म्हणून. फोनवर तुमचं हसू ऐकायची माझी छाती नाही. तुमची काठी सरळ झाली असेल तर खुशाल पुन्हा कलवा, पहिला पाटही घ्या, पण मामांना मिळेल त्या बसनं परत पाठवा. छिन्नी विसरू देऊ नका.