आठव्या स्टेजच्या दहा गोळ्या

२ फेब्रुवारी, रविवार

निवड-स्पर्धा तेवीसला. रायफल क्लबची टीम चौघांची. तिघे आधीच ठरलेले. का ठरले ते विचारण्यात अर्थ नाही. चौथ्या जागेसाठी नऊ जण. त्यातल्या सात जणांबद्दल लिहून शाई वाया घालवणार नाही. आठवा कपडे शिवणारा टेलर. नववा मी.

क्लबचा नियम: सलग तीन वर्षं टीममध्ये न आलेला सभासद 'सहयोगी' होतो. सहयोगी म्हणजे रायफल घरी ठेवून यायचं, निशाण्याच्या लोखंडी पाट्या रंगवायच्या, दुसऱ्यांचे गुण लिहायचे. माझं हे तिसरं वर्ष. नियम मला डोळ्यांसमोर ठेवून केलेला आहे. तो मी क्लबात येण्याच्या बारा वर्षं आधीच झालेला आहे, ही गोष्ट वेगळी.

संकल्प: पहाटे पाचला उठणं. चहा बंद. वाऱ्याचा अभ्यास. कुणाशी वाद नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.४०

पाचला उठू शकलो असतो. पण झोप ही नेमबाजाची पहिली गरज. चहा एक कप. एकदम सोडला तर हात कापतात.

संध्याकाळी

बाजारात अकरा दुकानं तपासली. सात तराजू शून्यावर नव्हते. किराणावाल्याचा रिकामा तराजू चाळीस ग्रॅम दाखवत होता. विचारलं, लाज नाही वाटत? म्हणाला, साहेब, गिऱ्हाइकांच्या गडबडीत बघायचं राहून गेलं. गडबड! सील ठोकलं. आहे त्या स्थितीत, कशालाही हात लावू न देता, पट्टीवर सही करून. वजनमापे खात्यात बावीस वर्षं काढली ती या शिस्तीवर. माणसं शून्याला किंमत देत नाहीत.

६ फेब्रुवारी, गुरुवार

हॉलमध्ये रिकाम्या रायफलीचा सराव. स्पर्धेत झोपून, बसून, लाकडी अडसरावर टेकून मारावं लागतं. अडसर म्हणून इस्त्रीचं टेबल घेतलं. निशाणा: कपाटाची मूठ. नव्वद सेकंदांत दहा वेळा चाप ओढला. दहाच्या दहा मुठीवर. रिकाम्या रायफलीतही नेम समजतो, ज्याला समजतो त्याला.

बायको शर्ट घेऊन उभी. म्हणाली, कपाटाने हात वर केले असतील तर मला टेबल द्या, साडेआठला शाळेत पोचायचंय. ती भूमितीची शिक्षिका. कोन शिकवते आणि वारा तिला कळत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

रेंजवर. सेक्रेटरींनी जोड्या लावल्या. एकाने मारायचं, दुसऱ्याने दुर्बिणीतून गोळी कुठे पडली ते सांगायचं. माझ्या वाट्याला टेलर. म्हणजे माझ्या गोळ्यांचा साक्षीदार माझाच प्रतिस्पर्धी. यामागे डोकं कुणाचं आहे ते मला माहीत आहे.

टेलर साठीचा. मळका चष्मा, त्याला दोरी. रायफलीच्या दस्त्यावर कापडाची पट्टी चिकटवलेली, तीवर खडूने: शून्य, अंतर, वारा. प्रत्येक स्टेजच्या आधी बोट ठेवून वाचतो. पहिलीतल्या मुलासारखा.

खरं तर गोष्ट सोपी आहे. रायफलीवरच्या दुर्बिणीला, म्हणजे स्कोपला, एक चकती असते. लांबवर गोळी खाली येते, म्हणून सहाशे मीटरला मारायचं तर ती तितके खटके फिरवायची, तीनशेला त्याहून कमी. स्टेज संपली की परत शून्यावर. एवढं लक्षात ठेवायला कापड लागतं? याच्याकडे लोक पँटी शिवायला कशा टाकतात?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

ऑफिसात आठ दिवसांच्या रजेचा अर्ज दिला. कारण: राज्य स्पर्धेत क्लबचं प्रतिनिधित्व. साहेबांनी विचारलं, निवड झाली वाटतं? म्हटलं, औपचारिकता बाकी आहे. साहेब म्हणाले, मग अर्ज पेन्सिलीने लिहायचा होता. अशा माणसाच्या हाताखाली मी बावीस वर्षं आहे.

चहा: तीन कप. मन स्थिर.

१६ फेब्रुवारी, रविवार

सराव-सामना. स्टेज म्हणजे असं: ठरलेली जागा, ठरलेल्या पाट्या, नव्वद सेकंद, दहा गोळ्या, लागेल त्या गोळीला एक गुण. आधी रेंज ऑफिसर पाच मिनिटं सगळं समजावतो. ती पाच मिनिटं मी श्वासाला देतो. समजावून घ्यायची गरज कुणाला असते ते उघड आहे.

प्रत्येक स्टेजच्या आधी टेलर माझ्या कानाशी: शून्यावर आणलंत का, साहेब? पहिल्यांदा सोडून दिलं. तिसऱ्यांदा कळलं की हा माझं लक्ष उडवतोय. सगळ्यांसमोर सांगितलं, टेलर, माझ्या रायफलीबद्दल यापुढे एक अक्षर नको. गोळी पडली की कुठे पडली तेवढं बोलायचं. त्याने चष्मा पुसला. म्हणाला, बरं साहेब, कापड तुमचं, माप तुमचं.

गुण: टेलर ५१, मी ३८. वारा माझ्याच वेळी सुटत होता.

२२ फेब्रुवारी, शनिवार

उद्या. संपूर्ण शांत आहे. बायकोवर दोनदा ओरडलो, पण शांतपणे. ती म्हणाली, निवडून या बाबा, नाहीतर दर रविवारी घरी असाल. तिच्या काळजीने गहिवरून आलं.

२३ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ७.१०

रेंजवर सगळ्यांत आधी मी. वारा डावीकडून. किंवा उजवीकडून. झेंडे नीट लावलेले नाहीत.

११.३०

चार स्टेज झाल्या. टेलर २६, मी २२. नकली छतावरच्या स्टेजला माझ्या गुडघ्याखालची फळी हलली. रेंज ऑफिसर म्हणाला, फळीला खिळे ठोकलेत साहेब, गुडघाच हलला असेल. याला पगार मिळतो की नाही माहीत नाही, मिळू नये.

२.५०

सात झाल्या. सातवी सहाशे मीटरची. झोपून. माझ्या नऊ! रेंजवर शांतता पसरली. (जेवणाची वेळ उलटून गेली होती, पण तेवढंच कारण नसावं.) टेलरच्या तिथे सहा. आता तो ४४, मी ४३. बाकीचे सात चाळिशीच्या आत. मी म्हणालो होतो.

एकच स्टेज उरली. आठवी: तीनशे मीटर, एक पाटी, शिडीवर टेकून. तीनशे म्हणजे हातचा मळ. आधी मी, मग टेलर. दहा मारल्या की त्रेपन्न.

आता समजावणी चालू आहे. मी श्वास घेतोय आणि हे लिहितोय. टेलर माझ्याकडे बघतोय. तोंड उघडलं, परत मिटलं. घाबरलाय.

४.४०

शून्य.

दहा गोळ्या. एकही टण नाही. टेलर म्हणत राहिला, वरून जातंय साहेब, वरून जातंय, बरंच वरून. मी त्याचं ऐकणारा नव्हे. पाटीच्या मध्यावर धरलं आणि मध्यावरच धरून ठेवलं, दहाच्या दहा वेळा. मग त्याने त्याच शिडीवरून आठ मारल्या. टेलर ५२. मी ४३.

माझ्यासारख्या नेमबाजाच्या दहा गोळ्या तीनशे मीटरवर चुकणं शक्य नाही. म्हणजे पाटी जागेवर नव्हती. टेलरला ती कुठे आहे हे आधीच सांगितलेलं असणार.

५.३०

लेखी तक्रार दिली. सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना कागद दोनदा वाचायची सवय. म्हणाले, घरी जाऊन विचार करा, उद्या द्या. मी म्हटलं, आत्ता. शिवाय रायफल आहे त्या स्थितीत सील करा. उद्या कुणी म्हणायला नको की मी घरी जाऊन काही फिरवलं. म्हणाले, अहो, इतकं कशाला? मी म्हटलं, माझं रोजचं काम आहे, तुम्हाला जमायचं नाही. शिडीवरून उतरवली तशीच पेटीत ठेवली. पट्टी मी लावली. सही मी केली. टेलर मध्ये पडला, साहेब, एकदा फक्त चकती बघा आणि मग... मी म्हटलं, हात लांब.

पेटी क्लबच्या कपाटात. पुरावा सुरक्षित.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

बाजारात नऊ दुकानं. सगळ्यांना पट्टीवर सही कशी करतात ते दाखवलं. मन प्रसन्न.

बायकोला सगळं सांगितलं. तिने कागदावर एक रेघ काढली, मग दुसरी. म्हणाली, दहाही वरून गेल्या तर काहीतरी एकच कारण असणार ना? म्हटलं, आहे. पाटी. तिने कागदाची घडी केली आणि कुकर लावायला गेली.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

समितीची बैठक. सेक्रेटरी, रेंज ऑफिसर आणि क्लबच्या सभासद असलेल्या एक डेंटिस्ट बाई. टेलरही होता, कोपऱ्यात, टोपी मांडीवर.

आधी रेंज ऑफिसरने पाटीचे खांब दाखवले. सिमेंटमध्ये पक्के. मी म्हटलं, सिमेंट काय, कधीही ओतता येतं. मग पेटी आणली. पट्टीवरची माझी सही मीच सगळ्यांना तपासायला लावली. सेक्रेटरींनी विचारलं, सामन्यानंतर रायफलीला कुणी हात लावला होता? मी म्हटलं, कुणाला लावू दिला नाही. लिहून घ्या. त्यांनी लिहून घेतलं.

पेटी उघडली. डेंटिस्ट बाई वाकून स्कोपच्या चकतीकडे बघू लागल्या, किडलेल्या दाढेत बघतात तशा. म्हणाल्या, चकती सहाशेवर आहे.

रेंज ऑफिसरने खिडकी उघडली. सेक्रेटरींनी विचारलं, आठवी स्टेज कितीची होती? मी म्हटलं, तीनशेची. ते म्हणाले, लिहून घेऊ?

निर्णय: तक्रार नामंजूर. टीममध्ये चौथा टेलर.

बाहेर टेलर भेटला. म्हणाला, साहेब, माझ्याकडूनही एकदा नवरदेवाच्या कोटाला डावी बाही दोनदा लागली. सहानुभूती! कोटाशी तुलना!

१ मार्च, शनिवार

सेक्रेटरींचं पत्र. 'सहयोगी सभासद.' उद्या सकाळी आठला, पाट्या रंगवायला. साहेबांनी रजेचा अर्ज परत केला, न बोलता. बोलले असते तर बरं झालं असतं.

पण दोन दिवस विचार केला आणि एक गोष्ट लख्ख दिसली. माझा नेम चुकलेला नाही. चकती चुकली. चकती फिरवणं हे कारकुनी काम. नेम ही कला. मी दहाही वेळा मध्यावर धरलं होतं. म्हणजे त्या दहा गोळ्या पाटीमागच्या मातीच्या बांधात, दोन हात वर, तळहाताएवढ्या जागेत एकत्र बसलेल्या असणार. इतक्या वर दुसऱ्या कुणाची गोळी जाणं शक्य नाही. ती जागा फक्त माझी.

खरे गुण: त्रेपन्न. टेलर बावन्न.

उद्या बांध दाखवणार. फोटो काढणार, सेक्रेटरींना देणार. टेलरलाही फोन केला, उद्या साडेनऊला तीनशेच्या बांधाशी या, माझ्या दहा गोळ्या दाखवायच्यात. म्हणाला, येतो साहेब. बायकोची टेप घेतली. ती म्हणाली, कशाला? म्हटलं, भूमितीसाठी. पहिल्यांदा तिने माझ्याकडे आदराने बघितलं. किंवा तसं वाटलं.

२ मार्च, रविवार

आठला पोचलो. रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन थेट तीनशेच्या बांधाशी गेलो. पाटी पहिल्यांदा इतक्या जवळून बघितली. बरीच मोठी असते.

बांधात भोकं सापडली. दोन हात वर, हिशोबाप्रमाणे. दहा. एक एक मोजलं.

एक डावीकडे, खांबाच्याही बाहेर. दोन इतकी वर की हात पुरेना, रंगाच्या डब्यावर चढलो. चार उजवीकडे, पण चारही वेगवेगळ्या ठिकाणी. एखाद्या दारावर मूठभर वाटाणे फेकावेत तशी.

शेडमधला पुठ्ठा आणून पाटीएवढा कापला. तो बांधावर धरला. आधी मधोमध, मग जरा डावीकडे, मग जरा तिरका. जास्तीत जास्त तीन भोकं आत आली. तिसरं अर्धं.

त्रेचाळीस अधिक तीन. बेरीज इथे लिहीत नाही.

फोटो काढला नाही. वारा बघितला, नव्हता. त्या दिवशीही झेंडे सरळ खाली होते, आता आठवतं. शिडी हलली का आठवून बघितलं. चांगली शिडी आहे. खूप वेळ बसून राहिलो.

मग शेडमधून फावडं आणलं आणि बांध वरपासून खालपर्यंत सारखा केला. थोपटला.

साडेनऊला टेलर आला. नवे बूट, राज्य स्पर्धेसाठी घेतलेले. बांधासमोर उभा राहिला. चष्मा लावला. कुठे आहेत साहेब, म्हणाला. मी म्हटलं, पावसाने गेल्या.

टेलरने फावड्याकडे बघितलं, आपल्या नव्या बुटांवर बसलेल्या धुळीकडे बघितलं. म्हणाला, असेल.

मग दुसरा ब्रश कुठे आहे ते विचारलं.