पूजेतली चिठ्ठी

धार, ३ ऑक्टोबर २०२५

चि. नारायण यास अ. उ. आ. वि. वि.

तुझ्या सौ. सुभद्रेने फोनवर सगळं सांगितलं. ठोका बिघडला तर झटका देणारं यंत्र छातीत बसवायला तुला बुधवारी इंदूरला भरती व्हायचं होतं. दवाखान्याची चिठ्ठी तू आदल्या दिवशी सरस्वतीच्या पूजेत लेक इरावतीच्या प्रबंधाखाली ठेवलीस. पूजेतला कागद दसऱ्याआधी हलवत नाहीत, म्हणून तारीख गेली. चाळीस वर्षं वकिली केलीस ती देवीला खोट्या साक्षीला उभं करण्यासाठी?

गेल्या वर्षी तुझ्या हृदयाचा तिसरा हिस्सा मेला. तो स्नायू आपणहून पुन्हा वाढत नाही. तुझी लेक बंगळूरला तो वाढवते आहे, पण उंदरांत. तू उंदीर नाहीस, सदुसष्ट वर्षांचा हट्टी माणूस आहेस.

लोभ आहेच. सध्या राग त्याच्या डोक्यावर बसला आहे.

अक्का

देवास, ८ ऑक्टोबर

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र सुभद्रेने मोठ्याने वाचलं, मुद्दाम दोनदा. मास्तरकी सोडून बारा वर्षं झाली, छडी अजून हातात आहे.

इरूने लिहिलं होतं, हृदयाच्या पेशी एकीच्या दोन झाल्या. ते पत्र मी आपल्या मराठी समाजात वाचलं तेव्हा लोक उठून उभे राहिले. आता मीच यंत्र बसवलं तर विचारतील, क्यों भिया, लेकीवर भरोसा नाही? तिच्या औषधाचा पहिला रोगी मी. तोवर थांबेन.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

नारायण

बंगळूर, १५ ऑक्टोबर

ती. बाबांना सा. न. वि. वि.

आत्याने तुमचं पत्र मला पाठवलं. मी फार चिडले आहे, मराठी चुकली तर चुकू द्या.

मागच्या वेळी मी अर्धंच लिहिलं. तुम्ही समाजात वाचणार हे माहीत होतं. त्याबद्दल राग माझाच येतो. वीस उंदरांच्या हृदयात पेशी वाढल्या, खरंच वाढल्या. मग सात उंदीर एकाएकी मेले. नव्या पेशींचा ठोका जुन्यांशी जुळत नव्हता. सातवा दाणे खात होता. मी वही घेऊन येईपर्यंत गेला.

हे औषध माणसाला कधी देता येईल, मला माहीत नाही. दिलंच, तर पहिल्या रोग्याच्या छातीत मी आधी ते यंत्र बसवायला सांगेन. तुम्ही माझ्या भरोशावर थांबलेले नाहीत, मी लपवलं त्यावर थांबला आहात. हे पत्रही समाजात वाचा.

आशीर्वाद द्या, आणि देत राहण्याइतके जगा.

इरू

देवास, २६ ऑक्टोबर

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

आज समाजात वाचलं. सातव्या उंदरापर्यंत मी, पुढचं सुभद्रेने वाचलं. या वेळी कोणी उभं राहिलं नाही. फक्त शेवटी मागच्या रांगेतून तुकाराम शिंपी उठला. इरूचं पहिलं पत्र ऐकून त्याने स्वतःचं हृदयाचं ऑपरेशन पुढे ढकललं होतं, हे मला आज कळलं. एवढंच सांगून तो खाली बसला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मंगळवारी तो आणि मी एकाच गाडीने इंदूरला भरती व्हायला जातो आहोत. तूही ये. राग घरी ठेवू नकोस, सोबत आण. या वेळी तो मला लागेल.

नारायण