निरोप्या शेट्टी

८ ऑक्टोबर २०१८

तुळसीच्या टीचरनं पुन्हा बोलावलं. 'क्लासमध्ये सगळ्यांना हसवते, अभ्यासात लक्ष नाही.' सात वर्षांची पोर! हसवते म्हणजे डोकं चालतं ना? फोनवर शोधलं — विनोदबुद्धी हे असामान्य मुलांचं लक्षण. एका ठिकाणी उलटच लिहिलं होतं, ते बंद केलं. शाळेत हुशार मुलांचा वेगळा वर्ग निघतोय. तिला तिथे घालायचंच!

जयतीर्थशी बोलायला हवं. पण बोलणं बंद आहे. मला न विचारता बेंगळुरूची बदली मागून घेतली त्यानं! आता सगळं तुळसीमार्फत. 'बाबाला सांग, गॅस संपलाय.' 'आईला सांग, उशीर होईल.' चाललंय.

१० ऑक्टोबर

नवरात्र बसलं. दसऱ्याच्या बाहुल्या, गोंबे, पायऱ्यांवर मांडल्या. वरच्या पायरीवर माझ्या लग्नात माहेरून आलेली राजा-राणीची लाकडी जोडी. खाली डाळ-तांदळाच्या राशी घेऊन बसलेला ढेरपोट्या वाणी, शेट्टी. संध्याकाळी शेजारच्या शांताक्का कुंकवाला आल्या, बघतात तर शेट्टी वर, राजा-राणीच्या मधोमध! त्या दोघांची तोंडं दोन दिशांना.

'अय्यो तुळसी, हे काय गे?'

'राजा-राणीची कट्टी आहे. शेट्टी निरोप देतो. राणी म्हणते, राजाला सांग, ताटातलं सारू गार झालं. राजा म्हणतो, राणीला सांग, मला नको.' शेट्टीचा घोगरा आवाजसुद्धा काढला!

हे तर आमचंच! शांताक्कांना कळलं का? नसावं. हसून हसून डोळे पुसत होत्या. 'केवढं डोकं गे हिचं! मोठी होऊन नाव काढणार, नोडू, बघ!' मग मीही हसले. घरातलंच उचलून इतका बेमालूम विनोद — हे साधं डोकं नव्हे! पुन्हा करायला लावलं, व्हिडिओ काढला.

१३ ऑक्टोबर

शाळेच्या समुपदेशक मॅडमना व्हिडिओ दाखवला. हसल्या नाहीत. 'विनोदी मूल असामान्य असेल, नसेलही. नुसत्या विनोदावरून नाही सांगता येत.' मग म्हणाल्या, 'हे करताना ती स्वतः हसते का हो?'

उत्तर मागायला गेले आणि प्रश्न घेऊन आले. चिडचिड झाली. येताना रिक्षात व्हिडिओ पुन्हा पाहिला. शांताक्का हसताहेत, फोन धरलेली मी हसतेय. तुळसी नाही. ती आमची तोंडं बघतेय.

नाटक करणाऱ्यानं हसायचं नसतंच! कोणाला विचारू?

१५ ऑक्टोबर

जयतीर्थला व्हिडिओ पाठवला. पाहिला त्यानं. निळ्या खुणा दिसल्या.

१७ ऑक्टोबर

सोमवारी नव्या वर्गाची चाचणी. तुळसीला म्हटलं, तिथे शेट्टीचा आवाज काढून दाखव हं. 'बरं,' म्हणाली. एवढंच.

१९ ऑक्टोबर, विजयादशमी

आरती झाली. रिवाजाप्रमाणे आता राजा-राणीला आडवं करून निजवायचं. तुळसीनं आधी शेट्टीला उचललं.

'अगं, मान राजा-राणीचा!' मी म्हटलं. फोन तयारच धरला होता, आता काहीतरी भारी बोलणार म्हणून. जयतीर्थही दारात येऊन उभा.

'हा आधी झोपू दे,' ती म्हणाली. 'दमलाय तो.'

त्याच्या अंगावर रुमाल घातला. शेट्टीचा आवाज काढला नाही.

फोन खाली ठेवला. 'जयतीर्थ, बस,' मी म्हटलं. मीच म्हटलं. 'बोलायचंय.'