माझ्या मागं मोटार कोणी चालवावी

॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥

मी, सिद्धम्मा भ्रतार गुरलिंगप्पा कलशेट्टी, वय अदमासे चौपन्न, धंदा शेती व स्वतःची मोटार चालवणे, राहणार जळकोट, तालुका तुळजापूर, जिल्हा उस्मानाबाद, आज राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. नजर इतकी चांगली आहे की नळदुर्गच्या सडकेवर अजून मीच मोटार हाकते. माझ्यावर कोणाचा दाब नाही. असता तर पुढची कलमे निराळी झाली असती.

१. राहते घर आणि माळाखालची काळी जमीन विहिरीसह माझी एकुलती मुलगी पार्वतम्मा हिला मिळावी. यजमान जाताना सर्व माझ्या नावे करून गेले आणि नवा वारसा कायदाही बाईला धनी मानतो. तेव्हा माझे धाकटे दीर बंडप्पा यांनी "लेक परघरची" हे म्हणणे पुन्हा काढू नये. ते माझ्या कानांवर पुष्कळ वेळा पडले आहे.

२. विहिरीजवळचा आंब्याचा तुकडा व त्यातले दोन खणांचे घर वजीरमियाँ यांना आणि त्यांच्या पश्चात त्यांची पत्नी बिबीजान हिला द्यावे. वजीरमियाँ यजमानांच्या वेळेपासूनचे आमचे ड्रायव्हर. हा तुकडा नोकरीचा मोबदला नव्हे, गुरुदक्षिणा आहे.

३. काळी मोटार. हिच्याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे.

यजमान वारल्यावर बंडप्पा म्हणाले, "वैनी, मोटार इकून टाका. बाईमाणसाच्या घरात ती काय कामाची?" मी वजीरमियाँना म्हटले, "मला शिकवा." सुगी झाल्यावर मोकळ्या रानात मी शिकले. सडकेवर मात्र गेले नाही. घराण्याला शोभत नाही असे दीर म्हणत, आणि तेवढे मी ऐकत होते.

सन १९५८ च्या उन्हाळ्यात तुळजापूरहून येताना क्लचचा दांडा तुटला. पायडल दाबले की नुसते खाली बसे, इंजिन गिअरमधून सुटेना. वजीरमियाँनी तशीच गाडी घरी आणली. मी शेजारी बसून त्यांचा हात पाहत होते. सकाळी ते दुरुस्तीला लागले. इंजिन चालू करायला त्यांनी समोरचे हँडल फिरवले आणि ते उलटे फिरून हातावर बसले. उजवा हात कोपराखाली मोडला, हाड बाहेर आले.

गावच्या वैद्यांनी पट्टी बांधून सांगितले, "आजच सोलापूर गाठा. न्हाय तर हात जाईल."

बस गेलेली होती. बंडप्पा म्हणाले, "बैलं जुंपतो, वैनी."

"बैलगाडीनं उद्या पोचाल. दारात मोटार हाय."

"क्लच तुटलाय तिचा! अन् चालवणारा ह्यो असा पडलाय!"

"चालवणारी हाय," मी म्हटले. "तुम्ही मागून ढकला."

वजीरमियाँना शेजारी बसवले, बिबीजानला मागे. दुसरा गिअर टाकला, गल्लीतल्या माणसांनी वेशीच्या उतारावर ढकलले. गाडीने आचके दिले आणि इंजिन लागले. सडकेवर वजीरमियाँ सांगू लागले, "अव्वा, रेसवरचा पाय सोडा. गिअर मधे आणा. ठैरो... आवाज उतरू द्या. अब डालो." पहिल्यांदा दाते करकरले. पुढच्या वेळी गिअर मुकाट बसला. डोळे मिटलेलेच होते त्यांचे. म्हणाले, "बसला व्हय? मला कळलंबी न्हाय." एवढी मोठी शाबासकी मला आयुष्यात दुसरी मिळाली नाही.

नळदुर्गच्या अलीकडे मेंढरांचा कळप आडवा आला. गिअर काढून ब्रेक दाबला. इंजिन चालू, गाडी उभी. धनगरांनी डोकावून विचारले, "डायवर कुठाय, बाई?" मी म्हटले, "मीच. जरा ढकला." पण तोवर वजीरमियाँ बोलायचे थांबले होते. बिबीजान मागून त्यांना हाका मारत होती. आता सांगणारे कोणी नव्हते. माणसांनी ढकलले, चाके फिरू लागली. मी इंजिनाचा आवाज ऐकला, तो उतरू दिला आणि पहिला गिअर टाकला. बसला. तिथून सोलापूरच्या दवाखान्यापर्यंत मी गाडी थांबू दिली नाही.

हात वाचला. मनगट पुरते वळत नाही, स्टिअरिंग पेलत नाही, पण त्याच हाताने ते जेवतात. पुढे मी लायसन्स काढले. तेव्हापासून मी चालवते आणि वजीरमियाँ शेजारी बसतात.

४. ही मोटार पार्वतम्माला द्यावी, परंतु एक अट. वजीरमियाँनी तिला आधी क्लचवाचून चालवायला शिकवावे. तोवर मोटार विकू नये. हे ऐकून ती म्हणाली, "अव्वा, आता क्लच चांगला हाय की!" मी सांगितले, "क्लच चांगला असल्यावर कुणीबी चालवतं."

पान्हे, जॅक व ग्रीसगन मोटारीबरोबर राहावीत. पिठाच्या गिरणीवाल्याने नेलेला मोठा पान्हा परत आणावा. गेली काही वर्षे तो "देतो, देतो" म्हणत आहे.

५. दीर बंडप्पा यांना मी काही ठेवत नाही. त्यांचे स्वतःचे पुष्कळ आहे, आणि मोटारीवरून ते चारचौघांत जे बोलले ते मी विसरलेले नाही. मात्र खरे ते खरे लिहिले पाहिजे. त्या दिवशी गाडीला पहिला खांदा त्यांनी लावला. इंजिन लागल्यावर बाकीचे थांबले, हे थांबले नाहीत. धोतर सावरत, धुळीतून मागे पळत ओरडत होते, "वैनी, हॉर्न वाजवा! हॉर्न!" मी वाजवला. ही गोष्ट माझ्यामागे त्यांच्या नातवंडांना सांगावी.

हे मृत्युपत्र मला वाचून दाखवले, ते माझ्या म्हणण्याप्रमाणे आहे. याआधी मी दुसरे केलेले नाही. सही मी स्वतः, साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत करते.

मुक्काम जळकोट, तारीख ११ नोव्हेंबर १९६५

(सही) सिद्धम्मा भ्र. गुरलिंगप्पा कलशेट्टी

साक्षीदार:
(सही) आण्णासाहेब कोंडीराम भोगे, शेती, जळकोट
(सही) बंडप्पा शांतलिंग कलशेट्टी, दीर. सर्व वाचले. हॉर्नचे खरे आहे.